पुळणीवरचे पाहुणे



हिवाळ्यात अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर गेलात, तर पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे लहानसे पक्षी दिसतात. कुणी चिमणीएवढा, कुणी साळुंकीएवढा. हौसेनं पुस्तक उघडावं तर पंचाईत. सगळेच वरून मातकट-राखाडी, खालून पांढरे! त्यांचे झळाळते रंग विणीच्या हंगामातले, लडाख-तिबेटात नाहीतर पार सैबेरियात मिरवायचे. आपल्याकडे ते दागिने उतरवून येतात.

म्हणून आधी रंग पाहू नका, चाल पाहा.

चार पावलं पळाला, थबकला, वाकून काहीतरी टिपलं, पुन्हा पळाला, तो चिखल्या. चोच आखूड, डोळे टपोरे. भक्ष्य नजरेनं हेरायचं, तर थांबायला हवंच. मान खाली घालून न थांबता टोचे मारत चाललेला, काळ्या पायांचा, चिमणीएवढा जीव म्हणजे छोटा टिलवा. एकटाच फिरतोय, बूड सारखं वरखाली हलतंय, पंखापुढं खांद्याशी पांढरी खाच आहे? ती तुतारी. आणि लाट ओसरली की तिच्यामागे धावणारा, फिरली की तिच्यापुढे पळणारा फिकट पक्षी दिसला, तर तो सँडर्लिंग. त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं.

खरी परीक्षा चिखल्यांची. मानेभोवती पांढरी पट्टी मागूनही पूर्ण फिरली असेल, तर केंटिश चिखल्या. ती मागं नसेल, तर बहुधा वाळूचिखल्या. त्यातही छोटा आणि मोठा. मोठ्याची चोच लांब नि दणकट, पाय पिवळट-हिरवट. छोट्याचे पाय काळपट. सांगायला सोपं! पाय चिखलानं माखले की भलेभले हात टेकतात. त्यात अलीकडे शास्त्रज्ञांनी छोट्याच्याही दोन जाती केल्या, तिबेटी आणि सैबेरियन. माझ्या वहीत कित्येक नोंदींपुढं प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

एक मात्र करा. सूर्यास्ताला जाऊ नका, उन्हासमोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. कोकणात सकाळी सूर्य पाठीशी असतो. त्यात भरती चढत असेल तर फारच छान. एका जागी गप्प बसा, पाणीच त्यांना तुमच्याकडे आणून सोडतं.