माहूरगड : दर्शन घेऊन लगेच परतू नका
(सोसायटीच्या सहलीच्या आदल्या रात्री झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



माहूर आपल्याच जिल्ह्यात, नांदेडहून साधारण सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे 'त्यात काय ऐकायचंय' असं वाटणारच. पण मागच्या सहलीत आपण काय केलं? रेणुकामातेचं दर्शन, जेवण, आणि गाडी परत! माझ्या आईला पायऱ्या झेपेनात, म्हणून तिला खालीच पहिल्या पायरीवर बसवलं. मी वर जाऊन आलो.

आता कथा आठवा. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात आई रेणुका घेतली व तो माहूरला आला. इथे दत्तात्रेयांनी अंत्यविधी केले, रेणुका सती गेली. आई पुन्हा दिसेल, पण मागे वळू नकोस, असं त्याला सांगितलं होतं. त्याच्याने राहवलं नाही. वळून पाहिलं तेव्हा आईचं फक्त मुख जमिनीवर आलेलं होतं. म्हणून गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदरी मुखच आहे. मंदिर देवगिरीच्या यादवांच्या काळचं सांगतात. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक. प्रसाद मात्र पेढ्याचा नव्हे, कुटलेल्या विड्याचा, तांबूलाचा! दात नसलेल्यांचीही सोय.

पलीकडे दत्तशिखर आणि अनसूया शिखर. दत्त महाराज निद्रेला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे.

आणि किल्ला, तो तर बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. बहामनी राज्यात महमूद गावानने वऱ्हाडाचे दोन सुभे केले, एक गाविलगड आणि दुसरा हे आपलं माहूर. एवढा मान होता बरं का! इथल्याच देशमुखीण सावित्रीबाई, मोगलांच्या रायबागन. 1661 साली उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाला कोंडलं, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला त्याला त्यांनीच दिला. हत्ती दरवाजातून आत शिरताना पोरांना हे सांगा. महाकाली बुरुजही दाखवा. तटावर चढू मात्र देऊ नका, दगड सुटलेले आहेत.

गावालगतची कोरीव लेणीही बघू. त्याला फार चढ नाही, गुडघेदुखीवाल्यांनी तिथे जरूर यावं.

आईला या खेपेला वर न्यायचं आहे. ती म्हणते, 'बसत बसत येईन.' दोघं-तिघं तरुण सोबत थांबले तर बरं होईल. म्हणून दर्शनाला दोन तास जास्त धरलेत, कुणी कुरकुर करू नये. गाडी पहाटे साडेपाचला गेटवरून सुटेल. पाणी आपापलं घ्या.