लक्षणांच्या आड चालणारा आजार
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत, कर्जत येथे दिलेले व्याख्यान)



मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आपल्यापैकी अनेकांनी घरात हा आजार शिरल्यावरच प्रथम ऐकले असेल. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, असा समज बराच काळ होता. मुंबईतील पारशी समाजाची डॉ. भरुचा, डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. पुढे एमआरआय आले आणि इतर समाजांतही निदाने वाढू लागली.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी या आजारात आपल्याच मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण कुरतडतात. विजेच्या तारेवरचे रबर झिजावे, तसे हे होते. डोळा अंधुक होतो, पाय जड पडतो, लघवीवरचा ताबा सुटतो. रुग्ण बहुधा विशी ते चाळिशीतला. त्यातही स्त्रिया अधिक. पहिला झटका काही आठवड्यांत बराचसा ओसरतो. राशीनच्या देवीचा नवस फेडला जातो आणि औषध बंद होते. आत मात्र झीज चालूच राहू शकते.

याच्या उलटही घडते. आपल्या तालुक्यातील वैशाखात शेतात तासभर काम केले की जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात, आणि सावलीत बसून अंग गार झाले की निवळतात. जर्मन वैद्य उठहोफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवले होते. ही आजाराची वाढ नव्हे. ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

तात्पर्य, केवळ लक्षणांची साक्ष पुरेशी नाही. म्हणून संशोधक रक्तात आणि मणक्यातील पाण्यात साक्षीदार शोधत आहेत. पांढऱ्या पेशी मेंदूत शिरताना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात; ते रक्तवाहिनीच्या भिंतीतील प्रथिने विरघळवून वाट करून देते. एमआरआयवर नवे व्रण दिसतात त्या सुमारास हे विकर रक्तात वाढते, असे १९९० च्या दशकाअखेरीच्या अभ्यासांत आढळले. पण साध्या जंतुसंसर्गातही ते वाढते. इतकेच काय, परीक्षानळीत रक्त गोठतानाही पेशींतून ते बाहेर पडते! असा साक्षीदार एकट्याच्या भरवशावर घेता येत नाही.

कायटोट्रायोसिडेज हे दुसरे विकर अधिक आशादायक वाटते. मेंदूतील चेतवलेल्या भक्षक पेशी ते तयार करतात. निदानाच्या वेळी मणक्यातील पाण्यात ते जास्त असलेल्या रुग्णांचे अपंगत्व पुढे अधिक वेगाने वाढते, असे बेल्जियममधील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले. तरीही एका रुग्णाचे औषध ठरवण्याइतका आधार त्याला अजून लाभलेला नाही.

काही देणगीदारांची इच्छा आहे की अशा चाचणीचे यंत्र आपण घ्यावे. भावना मोठी आहे. तथापि माझे स्पष्ट मत असे, की आज तो पैसा अहिल्यानगर-पुण्याच्या खेपांसाठी, वेळेवरच्या एमआरआयसाठी आणि खंड न पडणाऱ्या औषधासाठी वापरावा. लवकर सुरू झालेले औषध झटके कमी करते, ही गोष्ट सिद्ध आहे.

नातेवाइकांसाठी एक माहिती. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराचा नावानिशी समावेश आहे. चालता येते म्हणून प्रमाणपत्र मिळणारच नाही, असे गृहीत धरू नये. अर्जासोबत एमआरआयचे सर्व जुने अहवाल न्यावेत, आणि प्रत्येक झटक्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी.