किड्यांचं दुकान

आजचा विषय आम्ही बैठकीत सांगितला तेव्हा आमच्यातली एक जण हसतच सुटली. म्हणाली, "किडे विकून कुणाचं पोट भरतं होय? आपण तर किडे मारायला पैसे मोजतो!"

भरतं. चांगलं भरतं. फ्रान्सच्या पॅरिस शहरात देरॉल नावाच्या एका घराण्याने पिढ्यानपिढ्या हाच धंदा केला. १८३१ मध्ये आजोबांनी दुकान काढलं, मग मुलाने चालवलं. त्याचा मुलगा एमिल देरॉल, जन्म १८३८ चा. आज त्याचीच गोष्ट.

त्या काळी युरोपात किडे जमवायचं वेडच होतं. डॉक्टर, वकील, पाद्री, सगळ्यांच्या घरी काचेच्या झाकणाच्या पेट्या. दूरदेशी गेलेले प्रवासी आणि शिपाई किडे पाठवत, दुकानदार ते लावून विकत. एमिलचा भाऊ तेओफील चित्रकार होता, तोही तुर्कस्तानाकडच्या डोंगरांत फिरून आला.

आता काम कसं चालायचं ते ऐका. पकडलेलं फुलपाखरू तिकोनी कागदाच्या पुडीत घालून पाठवायचं. दुकानात येईपर्यंत ते वाळून कडक होतं. पंख उघडायला गेलं की मोडतो. म्हणून आधी ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून मऊ करायचं. मग टाचणी छातीतून आरपार, पंख फळीवर पसरायचे आणि वर कागदाच्या पट्ट्या दाबून वाळवायचे. भुंगेऱ्याची टाचणी मात्र मधोमध नाही. ती पाठीवरच्या कठीण कवचात, उजव्या बाजूला. म्हणजे डावी बाजू तरी शाबूत राहते. शिवणकाम करणारीला ही नजर लगेच कळेल.

आणि गंमत बघा. वाळलेल्या किड्यांनाही कीड लागते! बारीक भुंगेरे आत शिरले की पेटीत नुसता भुगा उरतो. आपल्या साठवणीच्या गव्हाला लागणारा खपरा भुंगेरा याच कुळातला. म्हणजे पॅरिसच्या दुकानदाराची आणि आपली डोकेदुखी एकच.

पण खरी किंमत किड्याच्या रंगाची नव्हे. टाचणीला किड्याच्या खाली एक इवलीशी चिठ्ठी असते. कुठे सापडला, कधी, कोणी जमवला. ती हरवली की किडा नुसता शोभेचा. ती असली, तर शंभर वर्षांनीही सांगता येतं की अमुक डोंगरावर अमुक साली हा होता. आम्हाला एक मात्र खटकलं. किडा पुष्कळदा हाताने धरलेला असायचा तिथल्याच गावच्या पोराने, आणि चिठ्ठीवर नाव पाठवणाऱ्या साहेबाचं.

एमिलने किड्यांवर एक पत्रिका काढली, पुढे १८७९ मध्ये निसर्गावरचं दुसरं नियतकालिक सुरू केलं. १८८८ मध्ये दुकान रु द्यू बाक या रस्त्यावरच्या एका जुन्या हवेलीत नेलं. पण त्याचं मोठं काम शाळांसाठी झालं. फ्रान्समध्ये १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण आधी मोफत आणि मग सक्तीचं झालं. वर्ग भरले, त्यांना साधनं हवी होती. देरॉलांनी मोठमोठे रंगीत तक्ते छापले: झाडं, प्राणी, किडे, माणसाचं शरीर. श्रीमंतांच्या पेटीतलं ज्ञान भिंतीवर आलं, मागच्या बाकावरच्या पोरीलाही दिसेल असं. धंदा होताच तो, धर्मादाय नव्हे. तरी आम्हाला हा धंदा आवडला.

एमिल १९१७ मध्ये वारला. दुकान चालू राहिलं. मग १ फेब्रुवारी २००८ ला पहाटे हवेलीला आग लागली आणि संग्रहाचा फार मोठा भाग गेला. वाळलेले पंख, कोरडं लाकूड, किती वेळ लागणार? कलाकारांनी आपली कामं दिली, ती लिलावात विकून पैसा उभा केला, आणि दुकान पुन्हा उघडलं. आजही ते त्याच रस्त्यावर आहे.

नवी फुलपाखरं पेट्यांत आली. जळालेल्या चिठ्ठ्या मात्र पुन्हा लिहिता येत नाहीत. तो डोंगर, ती तारीख सांगणारं आता कोणी नाही.

हे ऐकल्यावर आमची ती हसणारी मैत्रीण गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तुरीवरचा एक हिरवा भुंगेरा काड्यापेटीत घालून घेऊन आली. आत कागदाचा कपटा होता. त्यावर शेताचं नाव, तारीख, आणि खाली तिचं स्वतःचं नाव.