‘प्रादेशिक’ चित्रपटाचे राष्ट्रीयत्व



‘प्रादेशिक चित्रपट’ हा शब्द सरकारदरबारी रूढ आहे आणि वृत्तपत्रांनीही तो निमूटपणे स्वीकारला आहे. जणू हिंदी चित्रपट तेवढा राष्ट्राचा. मराठी, बंगाली, तमिळ चित्रपट मात्र आपापल्या प्रांतापुरता! इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

१९३० साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवचरित्रावर चित्रपट काढला. नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. तो मूकपट होता, पडद्यावर एक अक्षरही उच्चारले जाणार नव्हते. तरीही नावातले ‘स्वराज्य’ इंग्रजी सत्तेला सोसवले नाही. सेन्सॉरने हरकत घेतली आणि ते चित्र ‘उदयकाल’ या नावाने लोकांसमोर आले. शिवरायांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू होते. एका प्रांताच्या या स्मृतीत साऱ्या राष्ट्राचा हुंकार आहे, हे परकीय अधिकाऱ्याने अचूक ओळखले. आपल्याकडील काही समीक्षकांना ते अजून उमगलेले नाही, ही गोष्ट निराळी.

त्याच प्रभातने पुण्यास आल्यावर, १९३६ साली, ‘संत तुकाराम’ काढला. देहूच्या वाण्याची ही कथा अस्सल मराठी. तिचा गौरव पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात झाला. दामले-फत्तेलाल यांनी परदेशी रुचीसाठी त्यात काहीही मिसळले नव्हते. माणूस आपल्या मातीत जितका खोल उतरतो, तितका तो दूरवर ओळखला जातो.

परंतु या इतिहासाचे एक दुखरे पानही आहे, ते सहसा उघडले जात नाही. गांधीजींच्या निर्घृण हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. हत्येशी त्या वास्तूचा काय संबंध? आणि आग लावणारे हात परकीय नव्हते. वर्षानुवर्षांचे श्रम राख झाले. भालजींनी त्या राखेतून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आणला. त्यांचे उत्तर एवढेच होते.

सुधीर फडके यांनीही असाच ध्यास घेतला. सावरकरांवरील त्यांचा चित्रपट लोकवर्गणीतून, अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २००१ साली पुरा झाला. सारे आयुष्य मराठी गीतांत घालवलेल्या बाबूजींनी तो काढला हिंदीत, देशभर पोहोचावा म्हणून. ज्याची भाषा मराठी त्याची दृष्टी संकुचित, असे म्हणणाऱ्यांनी या निवडीचा विचार करावा.

आता थोडे आपल्या घरांविषयी, कारण दोष नेहमी दुसऱ्याच्या माथी मारून चालत नाही. मराठी चित्रपटाला चित्रपटगृहे मिळत नाहीत, हा विषय दिवाणखान्यात मोठ्या तळमळीने चघळला जातो. त्याच घरातील मंडळी सुटीच्या दिवशी सहकुटुंब हिंदी चित्रपटाला जातात. मराठीचे नाव निघाले की उत्तर ठरलेले: “टीव्हीवर येईल, तेव्हा पाहू.” येतोही तो, पण तोवर रिकाम्या खुर्च्या पाहून चित्रपटगृहाच्या मालकाने त्याचा फलक कधीच उतरवलेला असतो.