सेन्सरसोबतच्या दोन पिशव्या

वाशीच्या बाजारात सोयाबीन घालायला गेलात, की इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनचा शिक्का दिसतो. तो दरवर्षी लागतो, कारण काटा हळूहळू सरकतो. रासायनिक सेन्सर तर त्याहून कितीतरी लवकर सरकतो.

विहिरी-बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट घ्या. युरिया, शेणखत, सांडपाणी यांतून ते झिरपतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते मोजणाऱ्या सेन्सरच्या टोकाला पातळ पडदा असतो आणि त्यावरच्या विद्युतदाबावरून आकडा काढतात. नायट्रेट दहापट झालं तरी दाबात फरक पडतो जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा. म्हणजे पाच मिलिव्होल्टची गफलत झाली, की आकडा विसेक टक्क्यांनी चुकला! पाण्यात राहून पडद्यावर शेवाळ चढतं, त्यातलं रसायन झिजतं. यंत्राच्या स्क्रीनवरचा आकडा मात्र ठसठशीत.

यावर उपाय असा, की नायट्रेटचं प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणाच्या दोन पिशव्या यंत्रातच ठेवायच्या. मोजणीआधी छोटा पंप ते द्रावण सेन्सरवर सोडतो आणि यंत्र स्वतःला जुळवून घेतं. समुद्रात बुडी मारून पाणी मोजणाऱ्या ‘आर्गो’ नावाच्या काही तरंगत्या यंत्रांना तर पिशवीही लागत नाही. साधारण दहा दिवसांनी वर आली, की ती हवेतल्या ऑक्सिजनवर आपला ऑक्सिजन-सेन्सर ताडून पाहतात. हवेत तो सगळीकडे जवळपास २१ टक्के, फुकटचं प्रमाण!

शरीरातली साखर मोजायला दंडावर लावायचे सेन्सरही आहेत. त्यांतल्या फ्रीस्टाइल लिब्रेला अमेरिकेत २०१७ साली परवानगी मिळाली. तो जुळवायला बोट टोचावं लागत नाही. पण त्याला स्वतः जुळणारा म्हणणं मला पटत नाही. तो कारखान्यातच जुळवलेला असतो आणि फार बिघडण्याआधी, दोनेक आठवड्यांत काढून टाकतात.

विहिरीतलं यंत्र असं टाकता येत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवलं जातं. यंत्र आलं तरी पडदा पुसायला, पिशव्या बदलायला त्याच लागतील. म्हणून ग्रामपंचायतीने विक्रेत्याला आधी विचारावं, द्रावण किती दिवस पुरतं, मिळतं कुठे, पडदा केवढ्याला पडतो. आणि सुरुवातीला दर आठवड्याला त्याच पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवून दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत.