शहराचा हिशेब आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिका गटातर्फे केलेले भाषण)



विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना शिकविणारे आम्ही पाच जण. संयोजन समितीने आज आम्हाला चार शब्द बोलावयास सांगितले, त्याबद्दल आभार. एरवी आम्ही दहावी-बारावीच्या मुलांचे कौतुक करतो आणि खाली बसतो. या वर्षी विषय वेगळा आहे. तो अभ्यासिकेतल्याच एका मुलीने आमच्यापुढे आणून ठेविला.

ही मुलगी संख्याशास्त्राची पदवीधर. ती म्हणाली, "सर, मला शहराच्या आकडेवारीचा अभ्यास करायचाय. पुढचं शिक्षण त्यातच घ्यायचंय." तिची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "डॉक्टर माहीत, इंजिनिअर माहीत, वकील माहीत. हे शहराचे आकडे शिकून पोरीच्या हाताला काय लागणार हो?" प्रश्न रास्त होता, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवितो.

मूळ गोष्ट जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. सहाशेच्या वर माणसे दगावली. घाण वासाने, खराब हवेने रोग होतो असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने चौकशी केली आणि कोणत्या घरी किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडले. मृत्यूंची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दिसली. जवळच एक अनाथ-गरिबांचे आश्रयघर होते. तिथे पाचशेच्या वर माणसे राहात, पण मेली फक्त पाच. कारण त्यांची विहीर स्वतंत्र होती. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, पण दोष हवेत नसून पाण्यात आहे हे त्या मोजणीने दाखवून दिले.

आज याच कामाचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९९५ पासून शहरांच्या अशा अभ्यासाचे केंद्र आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१२ साली ब्रुकलिनमध्ये 'सेंटर फॉर अर्बन सायन्स अँड प्रोग्रेस' काढण्याचे जाहीर केले. त्या वेळच्या सहयोगी संस्थांत आपल्या पवईच्या आय.आय.टी.चेही नाव होते. तिथे विद्यार्थी संख्याशास्त्र, संगणक आणि नकाशे करण्याचे तंत्र शिकतात, शहराचा कारभार कसा चालतो तेही शिकतात. शेवटी एखाद्या सरकारी खात्याचा किंवा संस्थेचा खरा प्रश्न घेऊन त्यावर काम करावे लागते. नुसती पाठांतराची परीक्षा देऊन सुटका नाही.

न्यूयॉर्कच का, तर तिथे माहिती मोकळी आहे. २००३ पासून तिथे ३११ या नंबरवर फोन करून पाणी, कचरा, उंदीर, आवाज, कशाचीही तक्रार करता येते. शहराने आपली आकडेवारी लोकांना खुली करावी असा कायदाही तिथे २०१२ साली झाला.

या आकड्यांनी काय होते त्याचे एक उदाहरण सांगतो. एका घरात बेकायदा खोल्या पाडून दहा-दहा माणसे कोंबायची, आणि मग आग लागली की जीव जायचे, हा प्रकार तिथेही आहे. अशा तक्रारी वर्षाला सुमारे २५,००० यायच्या आणि तपासनीस होते सुमारे २००. सगळीकडे पोचणार कसे? २०११ च्या सुमारास मायकेल फ्लॉवर्स यांच्या हाताखालच्या तरुणांनी वेगवेगळ्या खात्यांचे कागद एकत्र केले. घराचा कर थकला आहे का, उंदरांच्या तक्रारी आहेत का, रुग्णवाहिका कितीदा आली, पूर्वी आग लागली होती का. त्यावरून आधी कुठे जायचे ते ठरू लागले. पूर्वी शंभर भेटींत तेराच ठिकाणी 'घर ताबडतोब रिकामे करा' असा हुकूम काढण्याइतका धोका सापडे. नंतर सत्तरहून जास्त ठिकाणी सापडू लागला.

उदाहरण चांगले आहे. पण आम्हाला लगेच शंका आली. घर रिकामे करण्याचा हुकूम निघाला, मग त्या कुटुंबाने भांडीकुंडी घेऊन जायचे कुठे? हा प्रश्न आकडा विचारीत नाही. तो विचारणारे माणूस त्या टेबलाशी बसलेले असावे लागते.

असे माणूस नसले म्हणजे काय होते तेही त्याच शहराने पाहिले आहे. १९७० च्या दशकात तिथल्या अग्निशमन दलाचे गणित रँड या संस्थेच्या तज्ज्ञांनी मांडले. बंब किती वेळात पोचतो, हे त्यातले मुख्य माप. त्या हिशेबाच्या आधाराने १९७२ पासून ज्या तुकड्या बंद झाल्या, त्यांतल्या कित्येक साउथ ब्राँक्ससारख्या गरीब वस्त्यांतल्या होत्या, जिथे आगी सर्वांत जास्त लागत. पुढे त्या भागात गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. आगींना इतरही कारणे होती, पण गणित चुकीच्या बाजूने झुकले आणि ते झुकले आहे हे वस्तीला आधी कोणी विचारले नाही.

अलीकडचीच गोष्ट. बोस्टन शहराने २०१२ साली मोबाइलवरचा एक कार्यक्रम काढला. गाडीला हादरा बसला की फोन आपोआप खड्ड्याची नोंद करी. कल्पना छान. पण ज्यांच्याकडे गाडी नाही, भारी फोन नाही, त्यांच्या रस्त्यावरचे खड्डे नोंदविणार कोण? ही त्रुटी जाणकारांनी दाखवून दिली. म्हणजे बंधू-भगिनींनो, जो मोजला जात नाही त्याचा खड्डा कागदावर नसतोच.

हे फार पूर्वी ओळखले ते डॉ. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने. १८९६-९७ साली फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात ते स्वतः घरोघर गेले आणि आपल्या लोकांची माहिती लिहून घेतली. १८९९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. या लोकांची दैना त्यांच्या रक्तात नाही, ती गुलामगिरीतून, बंद केलेल्या नोकऱ्यांतून आणि वाईट घरांतून आली आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. स्वतः बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तेव्हा आपल्या मुलीने आकड्यांच्या शास्त्रासाठी त्या शहराकडे पाहावे यात नवल ते काय?

आपल्या मुंबईतही हे घडले आहे. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने फुटपाथवरची झोपडी हटविण्याची वाट महापालिकेला मोकळी झाली. त्या वेळी स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. कोठून आलात, काय काम करता, किती वर्षे राहता. त्या अहवालाचे नाव होते 'वुई द इन्व्हिजिबल', म्हणजे आम्ही न दिसणारी माणसे. त्या नावातच सारे आले.

आणि आपल्या वस्तीचे काय? सार्वजनिक संडासाची गोष्ट तुम्ही सगळे जाणता. कागदावर बारा सीट चालू होत्या. प्रत्यक्षात पाच बंद, कुणाला दार नाही, कुणाला पाणी नाही. अभ्यासिकेच्या मुलांनी आठवडाभर पहाटे वही घेऊन नोंद केली. रांगेत किती बाया, किती वेळ उभ्या, किती मुलींची शाळा चुकली. त्याचा तक्ता करून आपण अर्जाला जोडला. तीन सीट दुरुस्त झाल्या, दोन अजून बंदच आहेत. पण इतकी वर्षे नुसत्या तोंडी तक्रारीने जे झाले नाही ते चार पानांच्या तक्त्याने थोडे तरी झाले. तो तक्ता याच मुलीने केला होता.

आता व्यवहाराचे बोलू. परदेशातले शिक्षण महाग आहे. फी आणि राहणे-खाणे मिळून आपल्या आवाक्याबाहेरचा खर्च. त्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारचीही नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत असतात, म्हणून जाहिरात स्वतः नीट वाचा, मुदतीच्या आत कागद तयार ठेवा, एजंटाच्या नादी लागू नका. परदेशच हवा असेही नाही. देवनारला १९५६ पासून लोकसंख्या विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, पुण्यात १९३० पासून गोखले संस्था आहे. याच गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. आणि मुलांनो, याची सुरुवात आठवी-नववीच्या गणितापासून होते. गणित सोडून देऊ नका, अडले तर अभ्यासिकेत या. आम्ही बसलेलोच असतो.

मावशी समोरच बसल्या आहेत. मावशी, तुम्ही विचारलंत की पोरीच्या हाताला काय लागणार. नोकरी लागेल; बस, पाणी, आरोग्य, घरे, सगळ्या खात्यांना आणि त्यांचे काम करणाऱ्या संस्थांना अशी माणसे लागतात. लगेच लागेल अशी हमी आम्ही देणार नाही. पण नळ कुठे बसवायचा, बस कुठून न्यायची, कोणाचे घर धोक्याचे ठरवायचे, हे यापुढे आकडे पाहूनच ठरणार आहे. ते ठरविणाऱ्यांत पहाटेच्या रांगेत उभी राहिलेली एखादी मुलगी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

तिच्या अर्जाच्या फीसाठी अभ्यासिकेच्या डब्यात ज्याला जे जमेल ते टाकावे, अशी विनंती करतो आणि आमचे भाषण संपवितो.

जयभीम!