छातीत जळजळ : डब्यातले उपाय आणि डब्याबाहेरचे

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले. छातीत जळते, घरच्या घरी काय करू? तर आजचा भाग त्याच्यावर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. वाचून, डॉक्टरांना विचारून जे समजलं ते सांगतो.

पहिले हे होते कशानं ते बघू. आपल्या पोटात आम्ल असतं, चांगलं जोरदार असतं, आणि ते असायलाच पाहिजे. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे स्नायूची एक गोल झडप आहे. घास खाली गेला की ती बंद होते. ती सैल पडली, नाहीतर खालून दाब आला, की आम्ल वर चढतं. पोटाला आतून अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून तिथे आग होते. म्हणजे बहुतेक वेळा आम्ल जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी आलेलं असतं. हे एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळं यातूनच निघते.

आता स्वयंपाकघरातले उपाय. थंड दूध घेतलं की बरं वाटते, खरं आहे. पण दुधातले प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला पुन्हा आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे तासाभरानं काही जणांना परत जळते. जिरं, बडीशेप चघळा, त्यात नुकसान काही नाही. चघळल्यानं लाळ सुटते, लाळ गिळली की वर आलेलं आम्ल धुतलं जाते. पुदिना मात्र सांभाळून. तो झडपेला अजून सैल करतो, म्हणून काही जणांची जळजळ पुदिन्याच्या गोळीनं वाढते. अंबील किंवा ताक ज्याला मानवते त्यानं घ्यावं, ज्याला आंबट ढेकर येतात त्यानं रात्री तरी टाळावं.

खाण्याचा सोडा लगेच काम करतो, कारण तो आम्लाला सरळ मारतो. पण अर्ध्या चमच्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. मोठ्या माणसानं दिवसभरात २,००० च्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. घरी बीपीचा, किडनीचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर रोज सोडा नकोच. आणि पोट तुडुंब भरलेलं असताना तर कोणीच घेऊ नये, त्यातून गॅस सुटतो.

पण आपल्या आरमोरीकडे खरी गोष्ट वेगळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या दिवसात बघा. बाया सकाळी भात खाऊन निघतात, कमरेला पदर घट्ट खोचलेला, आणि दिवसभर बांधीत ओणव्या. भरलेलं पोट दाबून माणसाला वाकवलं तर आम्ल वर नाही तर कुठे जाणार? जेवल्यावर अर्धा तास वाकू नका म्हणणं सोपं आहे. गुत्त्यानं घेतलेल्या रोवणीत तो अर्धा तास कोण देते? त्यातल्या त्यात जमण्यासारखं म्हणजे शिदोरी एकदम न खाता दोनदा थोडी थोडी खाणं आणि कमरेचं थोडं सैल ठेवणं. आणि संध्याकाळी अंगदुखीसाठी मेडिकलमधून जी गोळी आणतो, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ती पोटाच्या अस्तरालाच खाते. उपाशीपोटी तर नकोच. पॅरासिटामॉल पोटाला त्यामानानं सौम्य.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस. घरी पाहुणे, रात्री मटण, मग पहाटेपर्यंत नाटक, मध्ये भजे-आलूबोंडे, आणि येऊन आडवं. नाटक बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही! पण जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. झोपताना डाव्या कुशीवर झोपा, त्या बाजूला पोटाचं तोंड आम्लाच्या वर राहते. रोज रात्री जळत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, सहा इंच उंची मिळते. दोन उशा घेऊन तो फायदा होत नाही, मान आणि पोट मुडपते फक्त. पैसे शून्य, आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी वापरला जाणारा घरगुती उपाय आहे.

आणि खर्रा. पानठेल्यावर ऐकायला मिळते की चुन्यानं ॲसिडिटी मरते. औषधाच्या गोळीत असतो तो कॅल्शियम कार्बोनेट. खर्र्यात घोटतात तो विझवलेला चुना, तो तोंडाची कातडी जाळतो. तंबाखूतलं निकोटिन झडप सैल करते, आणि जी लाळ आम्ल धुणार ती आपण थुंकून टाकतो. खर्रा चालू ठेवून जिरं चघळणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरणं. सोडायचा असेल तर मुक्तिपथवाले जिल्ह्यात हेच काम करतात, त्यांना विचारा.

आता नीट ऐका. आमच्या ओळखीतल्या एका काकांना रात्री छातीत जळायला लागलं. घरच्यांनी सोडा दिला, दूध दिलं, पाठ चोळली. घाम फुटला होता, तो गरमीचा समजले. सकाळी दवाखान्यात कळलं, हृदयविकाराचा झटका. वाचले, पण उशीर झाला होता, आता ते बांधीत उतरत नाहीत. जळजळीसोबत घाम, दम, डाव्या हाताकडे, पाठीत किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, चालल्यावर वाढत असेल, तर डबा उघडू नका, १०८ लावा. बायांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये दुखणं अगदी कमीही असू शकते. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल, किंवा आठवड्यात दोनदापेक्षा जास्त आणि कित्येक आठवडे जळत असेल, तर तपासणी करा. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं सकाळची गोळी खात राहू नका.

एका ताईंनी विचारलं आहे, सातवा महिना चालू आहे, काय घेऊ? ताई, पोटावर बाळाचा दाब आहे आणि गरोदरपणात झडप तशीही सैल होते, म्हणून जळते. थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाखाली विटा लावा. सोडा घेऊ नका. आणि डोकं खूप दुखत असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल किंवा वरच्या पोटात उजवीकडे दुखत असेल, तर ती ॲसिडिटी समजू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बीपी बघून घ्या.